नऊ फोटो आणि दहावा

दीक्षानं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी सात ठिकाणी.

मंगळवारी सकाळी तिनं कसबा बावड्याच्या मळ्यातल्या टेकाडावरून नऊ फोटो काढले, घरी येऊन कॉम्प्युटरवर एकाला एक जोडले, आणि बघते तर काय… पंचगंगेच्या वळणापासून पार जोतिबाच्या डोंगरापर्यंत एकच माणूस बांधावरून सात वेळा चाललेला. लाल स्वेटर, खांद्यावर खोरं. एका ठिकाणी तर नुसतेच दोन पाय, वरचा माणूस गायब. ती कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवत गेली आणि हा बाबा तिच्याच चालीनं डावीकडून उजवीकडे चालत गेला. एवढ्या मोठ्या शिवारात त्याला चालायला नेमकी तीच वेळ सापडली होती.

राग येणार नाही तर काय? गल्लीतल्या दूध संस्थेच्या नव्या सभागृहात चोवीस फुटांची भिंत होती आणि चेअरमन जोतीराम तात्या तिच्यावर स्वित्झर्लंडचा बर्फाचा डोंगर चिकटवायला निघाले होते. भर मीटिंगमध्ये दीक्षा उठली आणि म्हणाली, दूध इथलं, म्हशी इथल्या, मग डोंगर परका कशाला? आपलंच शिवार लावू, मी काढतो फोटो. बावड्याचीच पोरगी ती, 'काढते' तिच्या तोंडात बसतच नाही. तात्यांनी शनिवारपर्यंत मुदत दिली, नाहीतर स्वित्झर्लंड. तिचे वडील अण्णासो तीस वर्षं लग्नाचे फोटो काढत आले होते. दीक्षाला स्वतःच्या नावाचं पहिलं काम करायचं होतं आणि ते चोवीस फूट लांब करायचं होतं.

बुधवारी ती अंधुक उजेडातच टेकाडावर पोचली, तर सगळीकडे धुकं. आणि खाली बांधावर पुन्हा तो लाल स्वेटर.

"ओ पावणं, जरा थांबा की," ती वरून ओरडली.

तो थांबला. सावकाश वर चढून आला. उंच, सावळा, आणि हसू दाबताना एका गालावर खळी पडणारा… हे तिला बघायचं नव्हतं, पण दिसलं.

"माझ्याच रानात मी पावणा व्हय?"

त्याचं नाव प्रसेनजीत. पावणेदोन एकर ऊस त्याचा, आणि दुपारी आयटीआयमध्ये शिकवायची नोकरी. दीक्षानं त्याला मोबाईलवर कालचा फोटो दाखवला आणि चांगलं फैलावर घेतलं. तो त्या नुसत्या पायांकडे बघून इतका हसला की त्याला खोरं खाली ठेवावं लागलं.

"ह्यो मला पाठवा. एका दिवसात सात गडी कुठं मिळत्यात आजकाल?"

तीही हसली. मग त्यानं सहज सांगितलं की उद्या तोडणी आहे, आठ वाजता टोळी येणार, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. उसाला तुरे आले होते. सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खं रान चंदेरी होत होतं, आणि तेच तिला भिंतीवर हवं होतं. टोळी पुढं ढकलता येईल का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, कारखान्याचा नंबर चुकला की महिना जाईल, तेवढं न्हाय जमायचं. पण आठच्या आत हात लावू देणार न्हाय, हे माझ्याकडं लागलं.

धुकं काही हलेना. त्यानं थर्मासमधला चहा काढला आणि ती सांगत बसली. ही लेन्स जुनी आहे, हिला आपोआप काही कळत नाही, ही रिंग हातानं फिरवून नजर, म्हणजे फोकस, लावावी लागते. लांबच्या डोंगरावर एकदा लावली की वर चिकटपट्टी मारायची आणि नऊ फोटो होईस्तोवर तिला शिवायचं नाही. प्रत्येक फोटोत आधीच्याचा थोडा भाग घ्यायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. स्टँडची जागासुद्धा हलता कामा नये. हे ऐकल्यावर तो उठला आणि तिच्या स्टँडच्या तिन्ही पायांशी एकेक दगड घट्ट बसवून आला. तिला ते फार आवडलं.

गुरुवारी आभाळ निवळलं होतं. तुऱ्यांवर ऊन आलं आणि दीक्षानं श्वास रोखून पहिला फोटो काढला. दुसरा, तिसरा, चौथा. प्रसेनजीत तिच्या बाजूला गुपचूप उभा होता.

"एक सांगू का?" तो हळूच म्हणाला. "फोटू काढताना तुमी श्वास धरतासा. मघापासनं मलाबी धराय लागतोय."

तिनं वळून पाहिलं. त्याच्या केसांवर दव होतं आणि डोळ्यांत ऊन. काय झालं कोण जाणे, तिनं कॅमेरा त्याच्याकडे वळवला, पट्टी सोडवली, त्याच्या पापण्या लख्ख दिसेपर्यंत रिंग फिरवली आणि बटण दाबलं. तो लाजला. ती त्याच्याहून जास्त लाजली, घाईघाईनं पट्टी पुन्हा मारली आणि उरलेले पाच फोटो काढून मोकळी झाली. आठ वाजता टोळी रानात उतरली.

दुपारी कॉम्प्युटरसमोर ती मटकन खाली बसली. पहिले चार फोटो कसे आरशासारखे, आणि पुढचे पाच नुसते धुरकट. ना तुरा, ना डोंगर. रिंग परत जागेवर न आणताच तिनं पट्टी मारली होती. वडिलांच्या हाताखाली लहानाची मोठी झालेली पोर, आणि चूक केली ती ही. तिला रडूच आलं. तिकडे रानात कोयते चालू होते.

तिनं त्याला फोन लावला. उजवीकडचं रान तोडलं का, एवढंच कसंबसं विचारलं.

"न्हाय अजून. डावीकडनं सुरू केलंय. तुमी डावीकडनं सुरू करतासा, म्हणून मीबी…"

दीक्षानं डोळे पुसले. उजवी बाजू सकाळपर्यंत राहू दे म्हणाली, आणि त्यानं मुकादमाला गाठून तसं कबूल करून घेतलं.

शुक्रवारी अर्धं रान मोकळं झालं होतं, पण उजवीकडचे तुरे तसेच होते आणि तिन्ही दगडही जागेवर. स्टँड बरोबर त्याच ठिकाणी बसला. तीच वेळ, तेच ऊन. तिनं शेवटचे पाच फोटो काढले आणि प्रत्येक फोटो जागच्या जागी मोठा करून नीट तपासला. एकूण एक लख्ख.

"एवढी पक्की माणसं तुमी," तो म्हणाला, "चुकलासा कसं?"

तिनं उत्तर द्यायच्या ऐवजी कालचा दहावा फोटो त्याच्यासमोर धरला. मागचं सगळं शिवार पुसट, आणि तो पापणीन् पापणी स्पष्ट.

"रिंग तुझ्यावर आणलो आणि परत न्यायची राहिली," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळालं ते तिलाही कळलं नाही. "तू मला आवडतोस. माझं सांगून झालं, आता तुझं बोल."

प्रसेनजीत खाली बघत पायानं ढेकूळ फोडत राहिला. मग मान वर केली.

"मंगळवारी माझ्या खांद्यावर काय हुतं?"

"खोरं."

"तोडणीला आलेल्या उसाला खोरं घेऊन पाणी कोण पाजतंय गं? टेकाडावर तू दिसलीस. रानातल्या घरात शिरलो, हाताला लागलं ते घेतलं आणि तुझ्या चालीनं चालत सुटलो."

तीन दिवस तिनं त्याला फैलावर घेतलं आणि मुद्दा सोडून सगळं विचारलं होतं. मग तिनं कॅमेरा उजवीकडे वळवला आणि त्याला बजावलं, जा, खोरं घे आणि त्या कडेच्या बांधावर जाऊन उभा राहा.

शनिवारी भिंत सजली. नदी, चंदेरी ऊस, डोंगर, चोवीस फूट. सांधा कुठं म्हणून दिसला नाही. तात्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि उजव्या कोपऱ्यात बोटभर लाल स्वेटरापाशी येऊन थबकले. हा कोण म्हणून विचारलं. अण्णासोंनीही चष्मा पुढं ओढून फोटोकडे बघितलं, आणि मग लेकीकडे.

"प्रसेनजीत," दीक्षा खणखणीत आवाजात म्हणाली. "सात होते तात्या. एक ठेवलो."