वापरात असलेला भाग

वेदिकाला वाटलं होतं, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये धुळीने माखलेला एखादा म्हातारा कॉम्प्युटर असेल, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतील, आणि शेतकरी तोंडावर सांगतील की आमचं कागदावर बरं चाललंय. नेदरलँड्समध्ये शिकताना तिने या सगळ्याची उत्तरं मनात तयार करून ठेवली होती. तिथल्या दुकानात नाशिकची द्राक्षं दिसली की तिचा ऊर भरून यायचा. त्यातलाच एखादा कंटेनर निव्वळ नोंदी सापडल्या नाहीत म्हणून परत पाठवला, असं कानावर आलं की घास गोड लागत नसे. हे थांबवायचं, एवढ्याचसाठी ती परत आली होती.

प्रत्यक्षात कॉम्प्युटरची खोली देवघरासारखी स्वच्छ निघाली. टेबल पुसलेलं, वायरी नीट बांधलेल्या, खुर्चीच्या पाठीवर एक राखाडी स्वेटर. बाहेर हंगाम ऐन भरात होता. क्रेटच्या राशींमधून वाट काढावी लागे, बायका दाटीवाटीने उभ्या राहून घडातले खराब मणी कात्रीने काढत. पण त्या खुर्चीवर टेकायला कोणी येत नसे. वेदिका पहिल्यांदा तिच्यावर बसली, तेव्हा दारावरून जाणाऱ्या दोघीजणी बोलता बोलता गप्प झाल्या. एवढंच.

तिचं लक्ष तिकडे नव्हतं. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मरायला टेकली होती. टक्... टक्... टक्... इंडिकेटर लावून मोटरसायकल वळणावर उभी असावी, तसा आवाज त्या डब्यातून येत होता. कोणत्या बागेचा माल कोणत्या पेटीत गेला, त्यावर कोणतं औषध कधी मारलं, हे सगळं त्या एका डिस्कवर होतं. माल समुद्रात होता, आणि नोंदी गेल्या असत्या तर पलीकडच्या बंदरात शेकडो घरांची वर्षाची मेहनत अडकून पडली असती. हाताने कॉपी करायला गेलं की अर्ध्यात सगळं गोठायचं. डिस्कचे खराब भाग चुकवून बाकीचं सावकाश उचलणारं नवीन बॅकअप सॉफ्टवेअर तिने आणलं होतं, पण तेही दरवेळी अधेमधे थांबायचं आणि पडद्यावर एकच सूचना यायची. जुन्या सॉफ्टवेअरचे भाग शिल्लक आहेत. आधी ते काढा.

जुनं सॉफ्टवेअर तर कामातून गेलेलं होतं. ते ज्या डिस्कवर नक्कल ठेवायचं, ती डिस्क कधीच काढून नेलेली होती. तरी रोज संध्याकाळी ते आपलं आपण सुरू व्हायचं आणि थोड्या वेळाने लिहायचं, बॅकअप पूर्ण.

"पूर्ण कुठे होतोय पण?" तिने मॅनेजर सावळीरामकाकांना विचारलं.

काका चहाचा कप घेऊन दारातच उभे राहिले. आत यायचं त्यांनी टाळलं. मग त्यांनी दिनेशची हकीकत सांगितली.

दिनेश हा कॉम्प्युटर सांभाळायचा. गेल्या हंगामात एका संध्याकाळी तो घरी जेवायला बसला आणि बॅकअप राहिला म्हणून भरल्या ताटावरून उठला. हायवेवरून मोटरसायकल पॅकहाऊसकडे वळवताना टेम्पोने त्याला उडवलं. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कावळे भिंतीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरत नव्हता. भावाने आईला सांभाळायचा शब्द दिला, आईने धाकटीच्या लग्नाचा दिला. ऊन चढलं. शेवटी सावळीरामकाकांनीच हात जोडले आणि म्हटलं, दिनेश, तुझ्या कामाला कोणी हात लावणार नाय, तुझी जागा तुझीच राहील. शब्द तोंडातून निघतो न निघतो, तोच कावळा पिंडावर आला.

"म्हणून म्हणतो ताई, नवं लावायचं ते लावा, पण त्याचं काढू नका."

"दोन्ही एकत्र चालत नाहीत, काका."

"तुमच्याकडं तिकडं कावळे नसतील."

"असतात की. पण कोणी त्यांची परवानगी घेत नाही."

काका हसले नाहीत. वेदिकालाही लगेच वाईट वाटलं. पण डिस्क टकटकत होती, आणि मेलेल्या माणसाला दिलेल्या शब्दापायी जिवंत माणसांची पिकं बुडू द्यायची, हे तिला पटणं शक्य नव्हतं.

दुपारी ती कामाला लागली. तिने आधी जुन्या सॉफ्टवेअरची पडद्याआड चालणारी सर्व्हिस बंद केली. ती पुन्हा सुरू झाली. तिने ती परत बंद केली, फोल्डर पुसले, सिस्टीमच्या कानाकोपऱ्यात लपलेल्या त्याच्या नोंदी एकेक करून उपटल्या. सगळं निघालं. एक फाईल तेवढी हलेना.

हा भाग वापरात आहे. वापरणारा: दिनेश.

तिने बारकाईने पाहिलं. या नावाने कोणीतरी आत होतं. बाहेरून जोडलेलं नव्हतं, याच कॉम्प्युटरवर होतं. म्हणजे याच टेबलाशी, ती बसली होती त्या खुर्चीवर.

जुनं काहीतरी अडकून राहिलंय, असं तिने स्वतःला समजावलं आणि त्याला बाहेर काढायची आज्ञा दिली. पडद्याने विचारलं, नक्की?

त्याच क्षणी शेजारच्या शीतखोलीचे पंखे थांबले. अधूनमधून ते थांबतच. पण त्या शांततेत टकटक एकदम जवळ आली... पेट्यांतल्या, द्राक्षं टिकवणाऱ्या गंधकाच्या कागदांचा नेहमीचा झोंबरा वास नाकात होता, आणि त्याच्या खालून हळूहळू दुसरा वास वर येत होता. पेट्रोलचा. वेदिका मागे रेलली आणि तिच्या पाठीला स्वेटर लागला. खोलीत हात गारठत होते. स्वेटर मात्र ऊबदार होता, आत्ताच कोणी अंगातून काढून ठेवावा तसा.

तिने डोळे मिटून 'हो'वर बोट दाबलं.

फाईल गेली. नवीन सॉफ्टवेअर न अडखळता बसलं. टकटक थांबली होती. उन्हं कलेपर्यंत सगळ्या नोंदी दोन वेगळ्या डिस्कवर सुखरूप उतरल्या. तिला आनंद व्हायला हवा होता.

सावळीरामकाका दारात आले. "काढलंत?"

"काढलं. मुळासकट. सगळ्यांच्या नोंदी वाचल्या, काका."

काका वळून खुर्चीकडे बघू लागले. मग अगदी हळू म्हणाले, "मग आता तो... कुठं बसंल?"

नाशिकला घरी पोचली तेव्हा तिची आई, सुवर्णा, उद्याच्या बाजारासाठी झेंडूचे हार आवरत होती. तिने पान वाढलं. वेदिकाला भूक होती. वरणभाताचे दोन घास तिने खाल्ले, तिसरा कालवला. त्यानंतरचं तिला आठवत नाही.

भानावर आली ती कर्कश हॉर्नने. ती द्वारका चौकाच्या मधोमध होती, स्कूटीवर, पायांत चपला नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही. समोर ट्रकचे दिवे. हँडलवरच्या उजव्या हाताला भात वाळून चिकटला होता. स्कूटीचं तोंड पिंपळगावच्या दिशेला होतं आणि इंडिकेटर उघडझाप करत होता. टक्... टक्... ट्रकवाला खिडकीतून ओरडला, मरायचंय का गं? तिच्या मनात त्या घटकेला एकच गोष्ट होती. बॅकअप राहिला.

ती गाडी ढकलत घरी आली. आई फाटकात उभी होती.

"ताटावरून उठलीस. मी हाका मारत मागे धावले, वेदू. तुला तुझं नावच ओळखू येईना."

ती रात्र आईने किल्ली पदरात बांधून तिच्या उशाशी काढली.

उजाडलं तेव्हा वेदिकाचा निर्णय झाला होता. नोंदी वाचल्या होत्या, त्या आता कोणी हिरावू शकत नव्हतं. आज संध्याकाळी पुन्हा ताटावर बसायचं होतं, आणि उद्याही. ती बसने पिंपळगावला गेली आणि सावळीरामकाकांना म्हणाली, "त्याचं जुनं सॉफ्टवेअर परत बसवते. नोंदींसाठी दुसरा कॉम्प्युटर घेऊ, हा त्याचाच राहू दे. कोणी हात लावायचा नाही."

काकांनी आपल्या टेबलाच्या खणातून दिनेशचा पेन ड्राइव्ह काढून दिला, आणि पहिल्यांदाच खोलीच्या आत येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. सॉफ्टवेअर बसत गेलं. शेवटी पडद्याने दिनेशचा पासवर्ड मागितला.

"तो तर कोणालाच ठाऊक नाय," काका म्हणाले. "त्याच्या आईलाबी नाय. आता कसं?"

वेदिका आपल्या बोटांकडे बघत होती. ती बोटं केव्हाच टाइप करून थांबली होती, आणि कॉम्प्युटरने पासवर्ड घेतला होता.