मागची राखण

"अवो, मागं कोण राहिलंय का तुमचं?"

यवतेश्वरच्या घाटात, चौथ्या वळणावर, धुक्यातून प्रश्न आला आणि मी पळता पळता थांबले. दगडावर बसून एक जण पोटरी चोळत होता. मी म्हटलं, तुमचं तुम्ही बघा. तो हसला... आणि मला रागच आला. चांगलं हसणाऱ्या माणसांचा मला उगाचच राग येतो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच. नाव इंद्रजित, तासगावच्या द्राक्षबागेतला, शिरवळच्या कंपनीत नोकरीला. शंभर पावलांत मी तीनदा मागं बघते, असं त्यानं मला ऐकवलं.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी अपेक्षा, माणदेशातल्या मेंढपाळाची पोर. कळपापुढं चालणारा जेवढं पुढं बघतो तेवढंच मागं. कोकरू राहिलं तर लांडगा टपलेलाच. लहानपणी मान वळवली नाही की आबांचा धपाटा बसायचा. त्याच मानेनं पोलीस भरतीत दोनदा घात केला. आठशे मीटरला काही सेकंद कमी पडले. ही तिसरी खेप, त्यासाठीच साताऱ्यात येऊन राहिले होते, आणि आबांनी सांगूनच टाकलं होतं, यंदा झालं तर ठीक, नाहीतर पाहुणे बघायला येतील.

हे ऐकल्यावर त्याची थट्टा थांबली.

"उद्यापासनं मी तुझ्या मागं पळतो," तो म्हणाला. "मागची राखण माझी. तू फकस्त पुढं बघ."

अहो-जाहो कधी गळालं, मला कळलंही नाही. पाठीमागं त्याच्या बुटांचा आवाज असायचा आणि मान हळूहळू शहाणी होत गेली. एका सकाळी वर पोचलो आणि धुकं एकाएकी उठलं. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि मधे तो वळणावळणांचा रस्ता... चार महिने मी तो पायांनी मोजला होता, डोळ्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एवढं मी चढून आले? अंगावर काटा आला. डोळे भरले, ते त्यानं पाहिले आणि पाहिलेच नाहीत असं दाखवलं.

भरतीच्या मैदानात त्याला आत सोडलं नाही. पहिल्या फेरीत मान नुसती शिवशिवत होती. मी दात आवळले आणि पळत राहिले.

यादीत नाव लागलं. नाशिकला प्रशिक्षणाला जाण्याआधी मी त्याला गावाकडं नेलं. एसटीतून उतरून तो उभाच राहिला. झाड नाही, हिरवं नाही. उघडे माळ, काळे दगड, एकामागं एक टेकड्या. सगळ्यात लांबच्या टेकडीवर आबांची मेंढरं.

"शाळा कुठं हुती तुझी?"

मी टेकडीपलीकडं बोट दाखवलं. तो कितीतरी वेळ त्या माळाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. असं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"आन् मी तुला पळायला शिकवत हुतो," तो हळूच म्हणाला. "लय येडा हाय मी."

"हायसच."

आबांनी आम्हाला पाहिलं होतं. डोळ्यांवर हात आडवा धरून ते थांबले होते. इंद्रजितचा चेहरा उतरला.

"अपेक्षा... त्यास्नी काय सांगू? कोण म्हणून आलोय मी?"

भर माळावर, आबांच्या देखत, मी त्याचा हात धरला.

"माझा म्हणून," मी म्हटलं. "चल, चढ मोठा हाय."