हमी रद्द केली कोणी?

चिठ्ठीवर चार ओळी होत्या, निळ्या शाईच्या. प्रत्येक ओळीतली अक्षरं उजवीकडे फरफटली होती, ओली असतानाच कुणीतरी त्यांच्यावरून हात नेल्यासारखी. शिरोरेघा उजव्या टोकाला जाड होत्या आणि डावीकडे जाताजाता बारीक होऊन संपत होत्या.

बाईंनी भिंग खाली ठेवलं.

“वाचा, भाऊजी.”

भाऊजींनी चिठ्ठी हातभर लांब धरली. “‘सदर रुग्णाच्या औषधांची हमी आजपासून रद्द समजावी. यापुढे औषधं देऊ नयेत.’ वर वकिलांच्या कचेरीचं नाव छापलंय. खाली सही म्हणून नुसता फरकाटा. अक्षर मुद्दाम बदललेलं दिसतंय, वहिनी.”

बाईंनी बावीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेतली होती. आता घराच्या पुढच्या खोलीत त्या लोकांच्या खाजगी चौकशा करत. गावासाठी त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. वहिनींची पिशवी धरायची आणि न मागता मत द्यायचं, ही कामं ते मनापासून करत.

समोर बसलेल्या स्त्रीनं पर्स मांडीवर आपटली.

“अकरा दिवस झाले, बाई! अकरा दिवस मी चेंडूसारखी फिरतेय.”

“सुरुवातीपासून सांगा.”

“माझे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. चार महिन्यांपूर्वी त्यांना एका कंपनीच्या गाडीनं उडवलं. उजवं मनगट चिरडलं, हाड बाहेर आलं. त्या हाडात आता जंतू शिरलेत. सहा आठवडे गोळ्या घ्यायच्या, एक दिवसही न चुकवता, आणि मग शस्त्रक्रिया. मी स्वतःच्या हातानं गोळी देते आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाही.”

“गोळ्या महाग असतील.”

“एका आठवड्याच्या पाकिटात आमच्या दुकानाचं महिन्याचं भाडं जाईल, आणि दुकान तर बंद. म्हणून वकिलांनी औषधवाल्याला हमीपत्र दिलं. आत्ता आम्ही काही द्यायचं नाही. दाव्याचा निकाल लागला की त्यातून औषधवाल्याचे पैसे आधी वळते होणार. तीन आठवडे पाकीट बिनबोभाट मिळालं. चौथ्या मंगळवारी गेले, तर म्हणाला, वरून बंद झालंय.”

“वरून म्हणजे कुठून?” भाऊजींनी विचारलं.

“तेच मी विचारलं! म्हणाला, वकिलांकडे जा. वकिलांचा कारकून म्हणाला, आमचं पत्र चालू आहे, औषधवाल्याकडे जा. विमा कंपनीला फोन केला, तर पाऊण तास गाणं वाजलं आणि मग एक मुलगी म्हणाली, हे आमच्या खात्यात येत नाही. काल मी औषधाच्या काउंटरसमोर खुर्ची ओढून बसलेच. म्हटलं, आता उठवून दाखव. तेव्हा त्यानं फायलीतून ही चिठ्ठी काढली.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

तिचा आवाज एकदम खाली आला. “सोमवारी गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर हात वाचेल याची खात्री देत नाही म्हणाले.”

तो दिवस शनिवार होता.

“आणि तुमचे यजमान?”

“ते म्हणतात, ‘बघू’. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करायची, तर दोन महिने ‘बघू’. गोळ्या बंद झाल्या, तरी ‘बघू’. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तर जेवणावरून उठणारा माणूस, बाई!”

औषधाचं दुकान चौकात होतं. शेजारच्या जिन्यावर, वरच्या दवाखान्यात पट्टी बदलून घ्यायला आलेल्या लोकांची रांग लागली होती. दाराजवळ एक पत्र्याची पेटी होती. दुकान उघडण्याआधी आलेल्यांनी तिच्यात डॉक्टरांच्या चिठ्ठ्या टाकून जायचं.

“त्या मंगळवारी सकाळी पेटीतच सापडली,” औषधवाला म्हणाला. कार्बनवर दाबून तो बॉलपेननं बिलं लिहीत होता. “वकिलांचा छापील कागद. मी काय, त्याची कुंडली मांडू?”

“वकिलांना विचारलं नाहीत?”

“तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा उचलला, तर म्हणे लेखी कळवा.”

“कळवलंत?”

“बाई, अशा हमीवरच्या तेवीस फायली आहेत माझ्याकडे. निकाल लागतील तेव्हा लागतील, तोवर माल माझा अडकलेला. वर पत्रंही मीच लिहू?”

“म्हणजे एक फाईल कमी झाली तर बरंच,” भाऊजी म्हणाले.

औषधवाल्यानं पेन खाली ठेवलं. “निकाल लागेल तेव्हा पूर्ण कोर्सचे पैसे मिळणार होते. आता अर्ध्याच कोर्सचे. हिशोब तुम्हीच करा, साहेब.”

भाऊजींनी बोटांवर हिशोब केला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

वकिलांची कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. अशिलांनी बसायच्या बाकासमोर टेबल होतं. टेबलावर छापील चिठ्ठ्यांचं पॅड आणि दोरीनं बांधलेलं बॉलपेन होतं. येईल त्यानं नाव आणि काम लिहून आत पाठवायचं. बाईंनी पॅडवरचा कागद त्या चिठ्ठीशेजारी धरला. दोन्ही सारखेच होते.

“हे आमचं नव्हे,” कारकुनानं चिठ्ठीकडे पाहताक्षणी सांगितलं. “जावक क्रमांक कुठाय? अहो, या कचेरीतून शिंक जरी बाहेर गेली तरी तिला जावक क्रमांक असतो.”

“मग हे औषधवाल्याला का नाही सांगितलंत?”

“त्यानं लेखी विचारलंच नाही.”

बाईंनी डोळे क्षणभर मिटले. “मी येऊन गेल्याची पोच द्याल?”

कारकुनानं वही तिरपी केली, दोरीचं बॉलपेन डाव्या हातात घेतलं आणि झरझर तीन ओळी लिहिल्या. पंजा ओळीच्या खाली होता. शिरोरेघा त्यानं शेवटी एका दमात ओढल्या, डावीकडून उजवीकडे.

जिन्यातच भाऊजींनी बाईंचा दंड धरला. “डावखुरा! वहिनी, लिहिता लिहिता डावा हात ओल्या शाईवरून सरकतो, म्हणून अक्षरं फरफटली. मी पहिल्या नजरेत ओळखलं होतं.”

“बोलला नाहीत.”

“म्हटलं, तुम्हांला संधी द्यावी. चला, परत वर जाऊन धरू त्याला.”

बाईंनी पोच उलटसुलट करून पाहिली, घडी घातली आणि त्या खाली उतरू लागल्या.

घड्याळजींचं दुकान पुढे आणि घर मागे होतं. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. आत मेहुणा, म्हणजे घड्याळजींच्या बायकोचा भाऊ, स्कूटरचं चाक मांडीवर घेऊन बसला होता. ज्या कंपनीच्या गाडीनं अपघात केला, तिच्याच गॅरेजात तो मेकॅनिक होता.

“मालक काही बोलले का?” भाऊजींनी लगेच विचारलं. “तुमच्या घरच्यांचा दावा, आणि तुम्ही त्यांच्याच नोकरीत?”

“बोलले ना. म्हणाले, जरा समजून घ्या. मी म्हटलं, दाजींचा हात मोडलाय, आता समजायचं तुम्ही. काढायचं तर काढा.” त्यानं बोटं पुसली. “दर मंगळवारी मीच दाजींना पट्टीला नेतो. जिन्याशी सोडतो, स्कूटर लावून येतो. गोळ्या बंद झाल्या तेव्हा म्हटलं, दाजी, ही स्कूटर विकून एक पाकीट आणतो. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, खबरदार.”

“गॅरेजचा नंबर लिहून द्या,” बाई म्हणाल्या. त्यानं उजव्या हातानं खिशातल्या पेन्सिलीनं लिहून दिला.

घड्याळजी काउंटरमागे बसले होते, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. चेहरा ओढलेला होता, पण आवाज शांत.

“बसा. हिनं उगाच त्रास दिला तुम्हांला.”

“उगाच?” आतून बायको ओरडली.

काउंटरवर दौत आणि शाईपेन होतं. शेजारी लहान पाकिटांचा गठ्ठा होता, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव सुबक अक्षरात.

“अजून शाईपेन वापरता?” बाईंनी विचारलं.

“घड्याळ पाकिटात घातल्यावर वर नाव लिहायचं असतं. बॉलपेन दाबावं लागतं, काचेला धोका. शाईपेन नुसतं टेकवलं तरी चालतं.” क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. “म्हणजे चालायचं. चार महिने या काउंटरवर एक अक्षर लिहिलेलं नाही.”

बाईंनी पेन उचललं आणि टोक टीपकागदावर हलकेच टेकवलं. निळा ओला ठिपका पसरला.

“शस्त्रक्रियेनं काय होईल?”

“मनगट जोडून टाकणार. दुखणं थांबेल. ते वाकणार मात्र कधीच नाही.” ते हसले. “बघू.”

बाई उठल्या. “उद्या सकाळी दहाला सगळ्यांना इथं बोलावते. औषधवाल्याला पाकीट घेऊन यायला सांगते.”

“पाकीट कशाला?” घड्याळजींनी विचारलं.

आल्यापासून त्यांनी बाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

रविवारी दहाला औषधवाला आणि कारकून दुकानात समोरासमोर बसले. अकरा दिवस ज्यांनी घड्याळजींच्या बायकोला एकमेकांकडे धाडलं, त्यांनी एकमेकांचं तोंड आज प्रथमच पाहिलं.

“तुमचं हमीपत्र चालू आहे?” बाईंनी कारकुनाला विचारलं.

“कायमच चालू होतं.”

“त्यांना सांगा.”

“चालू आहे,” कारकून औषधवाल्याला म्हणाला.

“लेखी द्या,” औषधवाला म्हणाला.

कारकुनानं दिलं. जावक क्रमांकासहित. औषधवाल्यानं पिशवीतून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

“एवढंच होतं?” घड्याळजींची बायको म्हणाली. “एवढ्यासाठी अकरा दिवस?”

“औषधापुरतं एवढंच,” बाई म्हणाल्या. “चिठ्ठी कोणाची, ते राहिलं. ती डाव्या हातानं लिहिलेली आहे. भाऊजींनी ते ओळखलं.”

भाऊजींनी मान ताठ करून कारकुनाकडे पाहिलं.

“पण यांनी नाही लिहिली. हे जन्माचे डावखुरे आहेत. शाळेपासून वही तिरपी करायची आणि पंजा ओळीखाली ठेवायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. शाई पुसायची संधीच ते देत नाहीत. शिरोरेघही ते शाळेत शिकवली तशी डावीकडून उजवीकडे ओढतात. चिठ्ठीतली प्रत्येक रेघ उजवीकडे जाड सुरू होते आणि डावीकडे निमुळती संपते. उजव्या हातानं आपण रेघ अंगापासून बाहेर ओढतो. तीच सवय डाव्या हातात आली की रेघ उलटी होते. हे लिहिणारा माणूस आयुष्यभर उजव्या हातानं लिहीत आलाय, आणि आता डावा वापरतोय.”

औषधवाल्यानं घसा खाकरला.

“बघा ना,” बाई पुढे म्हणाल्या, “छापील कागद बाकावर बसणारा कुणीही अशील फाडू शकतो. पण तिथलं पेन बॉलचं आहे. या औषधवाल्यांचं बॉलचं, मेकॅनिककडे पेन्सिल. शाईपेन फक्त या काउंटरवर आहे. चार महिने न लिहिलेल्या पेनच्या टोकाला शाई वाळून खडा व्हायला हवा होता. काल ठिपका ओला पडला. मंगळवारी सकाळी मेहुणा स्कूटर लावायला गेला, तेवढा वेळ पेटीपाशी पुरतो.”

“वहिनी,” भाऊजी हळूच म्हणाले, “पण स्वतःचंच औषध कोण बंद करेल?”

“मलाही तेच अडलं होतं. मग लक्षात आलं. या प्रकरणात प्रत्येक माणूस वैतागलेला आहे. औषधवाला, कारकून, मेहुणा, बायको. मी सुद्धा. वैतागला नाही तो एकटाच, ज्याचा हात जाणार आहे. पाकीट आणतो म्हटलं, तर तो मेहुण्यावर डाफरला. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला की शस्त्रक्रिया. कोर्स पुराच झाला नाही तर शस्त्रक्रियेला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. आणि गोळी तोंडात न घेणं तर शक्य नव्हतं. समोर बायको उभी असते.”

घड्याळजींच्या बायकोनं पाकीट उचललं आणि पुन्हा ठेवलं.

“तुम्ही?” ती म्हणाली. “मी त्या काउंटरवर भांडत होते. लोक हसत होते मला. संध्याकाळी येऊन तुम्हांलाच सगळं सांगायची, आणि तुम्ही म्हणायचात, दमलीस, बस जरा. तुम्ही?”

“वाटलं, तीन-चार आठवडे मिळतील,” घड्याळजी म्हणाले. “हातावर बेतेल असं वाटलं नव्हतं. डॉक्टरांचं कळलं तेव्हा सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो.”

“दाजी, अहो, नको होती शस्त्रक्रिया तर नको म्हणायचं!” मेहुणा म्हणाला.

“नको कशी म्हणू? रात्रभर कण्हतो मी, ही जागी असते. आणि हो तरी कसं म्हणू? न वाकणाऱ्या मनगटानं चिमटा धरता येत नाही. आत्ताही येत नाही. पण आत्ता, ‘अजून येत नाही’ असं म्हणता येतं.”

कारकून आणि औषधवाला एकदमच उठले आणि दारात एकमेकांना वाट देत बाहेर पडले. भाऊजींनी बाईंची पिशवी उचलली. पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

बायकोनं पाण्याचा पेला आणला. पाकीट फोडून एक गोळी काढली. या वेळी ती समोर उभी राहिली नाही. स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली.

“मला राग आलाय,” ती म्हणाली. “पुष्कळ दिवस राहणार आहे. ते माझं मी बघेन. तुमचं तुम्ही सांगा. हो किंवा नाही. ‘बघू’ म्हणालात तर हा पेला तुमच्या डोक्यावर ओतेन.”

घड्याळजींनी डाव्या हातानं गोळी घेतली, गिळली, पेला खाली ठेवला. मग त्यांनी झोळीतल्या बोटांकडे पाहिलं.

“तो सहीचा कागद आण,” ते म्हणाले. “मनगट जोडून टाकू. मी आता पुन्हा घड्याळ उघडणार नाही.”