न खळखळणाऱ्या बॅटऱ्या

पुढचं कोणाला पटणार नाही. पटलंच, तर माझ्या सांगण्यात काहीतरी चुकलं समजा.

सारा बाजार जिला मावशी म्हणे, त्या बाईने बॅटरी न उघडता तिच्यातलं शिसं चोरणारा पकडला. सोबतचे निवृत्त चित्रकला मास्तर मात्र शेवटपर्यंत भलत्याच माणसावर डोळे वटारून बसले होते.

गोदामवाला मावशीकडे आला तो कपाळ चोळतच.

"जुन्या बॅटऱ्या गोळा करून शिसं काढणाऱ्या भट्टीला देतो. वजन बरोबर, झाकणं बंद. पण निम्म्या हलवल्या तर आत ॲसिड खळखळत नाही."

"उघडून बघा की," मास्तर म्हणाले.

"भट्टीबाहेर उघडली की परवाना रद्द. उद्या भट्टीत शिसं निघालं नाही, तरी रद्द. कचेरीतले साहेब म्हणतात, वजन जुळतंय ना, मग तक्रार कसली? डोकं आपटायचं तर भिंतीचीही परवानगी काढावी लागेल."

गोदामात मावशीने मास्तरांच्या पिशवीतलं चित्रं टांगायचं लोहचुंबक घेतलं आणि एका मुक्या बॅटरीला लावलं. ते घट्ट चिकटलं. शिशाला चिकटलं नसतं.

"कोणाला बोलू नका," ती मास्तरांच्या कानात पुटपुटली.

रखवालदाराचा सुती गणवेश विटलेला, पण धड होता. "किल्ली तिघांकडे असते, मावशी. मला एकट्याला का धरता?"

ड्रायव्हरच्या गळ्यात सुती रुमाल, पायात चपला. "मी बंद माल आणतो, बंद माल नेतो." मास्तरांना तो पहिल्यापासून खटकला.

तिसरा गोदामवाल्याचा मेहुणा. टेरिलीनची कडक इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. दोन्ही बुटांना नाड्यांऐवजी प्लास्टिकची वायर.

"नाड्या तुटल्या," तो म्हणाला. "मी बॅटरीच्या जवळही जात नाही. वासाने डोकं दुखतं."

मावशीने सगळ्यांना एकत्र बसवलं.

"शिसं काढण्याआधी चोराने ॲसिड ओतून दिलं. ओतलं की पायावर शिंतोडे उडतात. टेरिलीन ते सोसतं, पॉलिशचं कातडंही सोसतं. सूत मात्र कुजतं. यांचा गणवेश धड, यांच्या चपलांतल्या पायांवरही भाजल्याचा डाग नाही. तुमच्या दोन्ही नाड्या मात्र एकदमच कशा तुटल्या?"

मेहुणा हसला. "दाजी, नाडीवरून चोर ठरवणारी बाई आणलीत तुम्ही."

"नाडी पुरत नाही, खरंय," मावशी म्हणाली. "म्हणून सकाळी एक बॅटरी फोडली. आत विटा निघाल्या."

गोदामवाल्याने डोकं धरलं. "मावशी, माझा परवाना..."

"घाबरू नका, दाजी," मेहुणा खेकसला. "साफ खोटं बोलतेय ही. विटांनी वजन जुळतं का? त्यात लोखंड आहे."