इंजिन चालूच होतं

मोबाइल खाली ठेवा आधी. आणि मध्येच कुणी दात काढले तर मी सरळ उठून जाईन, सांगून ठेवतो.

आपल्या कोपऱ्यावरच्या वेल्डरची ही गोष्ट. त्याच्या डाव्या हाताला करंगळी नाही, पाहिलंय ना? विचारलं की मशीनमध्ये गेली म्हणतो. थाप आहे ती. खरं काय ते त्याने फक्त मला सांगितलंय.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. रात्रीचे दोन वाजून गेलेले. घरात दोन आठवड्यांचंही नसलेलं पोर, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं, त्यामुळे बापाचा जीव की प्राण. पण ते रात्रभर घसा फोडायचं. गाडीत घातलं की मात्र गुपचूप. इंजिनाची घरघर ऐकत पेंगायचं, आणि गाडी बंद केली रे केली की पुन्हा भोंगा. बायकोच्या पोटाचे टाके अजून ओले. तिला जरा डोळा लागावा म्हणून हा पठ्ठ्या पोराची टोपली मागच्या सीटवर पट्ट्याने बांधायचा आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायचा. एवढं कोवळं पोर रात्रीचं बाहेर काढू नका, असं सासूबाई रोज कानीकपाळी ओरडायच्या. हा ऐकतोय कुठला.

त्या रात्री बंद पडलेल्या पेट्रोल पंपापाशी याला लघवीला उतरावं लागलं. पोर गाढ झोपलेलं. इंजिन बंद केलं तर उठेल, म्हणून किल्ली तशीच ठेवली, दार अलगद लावलं आणि गाडीकडे पाठ केली.

खट्.

चारही दारं आतून लॉक झाली होती.

त्याने काचेला नाक लावलं. मागच्या सीटवर एक बाई बसली होती. पोर तिच्या मांडीवर. मानेखाली तळवा नीट धरलेला, जाणत्या बाईने धरावा तसा. दुसऱ्या हाताने ती थोपटत होती.

"बाई, दार उघडा," तो म्हणाला. "मूल माझं आहे."

ती थोपटत राहिली...

पंपाच्या कडेला वीट पडली होती. त्याने पुढची काच फोडून लॉक उघडायला डावा हात आत घातला. तिने तो दातांत धरला. मागे, बसल्या जागेवरून. मान तेवढी लांब झाली होती. करंगळी तुटल्याचा आवाज आपण ऐकला, असं तो सांगतो. उजव्या हाताने त्याने वीट तिच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. नाक आत गेलं. जबडा लोंबायला लागला, तेव्हा हात सुटला. रक्त होतं ते सगळं याचं. तिचं... थेंबभरसुद्धा नाही.

लॉक काढून, मागचं दार उघडून त्याने तिच्या हातावर वीट घातली. हात कोपरात मोडला. थोपटणं थांबेना. पुन्हा घातली. हाड बाहेर आलं. तरी... थोपटतेच आहे. आणि पोर शांत झोपलेलं.

तेव्हा मात्र तो घाबरला. रडलाच.

काय सुचलं कुणास ठाऊक. पुढे वाकून त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद.

पोराने टाहो फोडला. तिचा हात थांबला. फुटलेलं तोंड वर करून तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं... त्याने पोर ओढून घेतलं आणि गाडी तिथेच टाकून पळत सुटला.

घरी बायको दारातच उभी होती. तिने पोर घेतलं, दिव्याखाली धरलं, कपडे काढून अंगभर पाहिलं. साधा ओरखडा नव्हता. मग भिंतीला टेकून तिने पोराला छातीशी लावलं.

पोराने तोंड फिरवलं. तिने पुन्हा लावलं. त्याने पुन्हा फिरवलं.

मग त्याला ढेकर आली. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळलं. ताजं...

बायकोने ते बोटाने पुसलं. बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "याला कुणी पाजलं?"