येळवशीच्या दुपारची जीप

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण लातुरातल्या जुन्या मेस्त्र्यांना विचारा, एकजण हसणार नाही.

जिल्हा नवा होऊन तीन वर्षं झाली होती. दुष्काळानं पार जीव काढला होता. तरी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली, आणि सगळं गाव आंबील-भज्जी घेऊन रानात गेलं. भर दुपारी नांदेड रोडवर चिटपाखरू नव्हतं.

उघडं होतं ते फक्त मन्मथ मेस्त्रीचं गॅरेज. अमावस्येला पाना धरायचा नाही, हा बापाचा दंडक. पण बहिणीचा नवरा दारात उभा! काय करणार?

"गाडी डावीकडं ओढून राहिली, मन्मथ. सांजच्याला कमळीला रानातून आणायचंय," रेवणप्पा म्हणाला.

कमळी म्हणजे मन्मथची धाकटी बहीण, कमलम्मा. सातवा महिना चालू होता.

मन्मथनं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली. चारी ठिकाणी टेकली. चाकं सरळ होती.

रस्त्यावर नेऊन त्यानं वेगात स्टिअरिंग सोडून दिलं. जीप नाकासमोर गेली.

मग रेवणप्पा चालवायला बसला, मन्मथ शेजारी...

आणि जीपनं डावीकडं हिसका मारला. तो दोन्ही हातांनी उजवीकडं ओढतोय, अन् गाडी ऐकेल तर शपथ! एका कोरड्या विहिरीच्या कठड्यापाशी कशीबशी थांबली.

"दाजी, काय केलंत तुम्ही?"

रेवणप्पा रडायलाच लागला. आठ दिवसांमागं, टँकरमागं धावणारी एक बाई पितळी घागरीसकट त्याच्या ह्याच जीपखाली आली होती. त्यानं तिला ह्याच विहिरीत टाकलं होतं.

"जित्ती होती?"

"...कण्हत होती."

"हलकटा!" मन्मथनं त्याचं थोबाड फोडलं. पण डोळ्यांपुढं बहिणीचं पोट आलं, आणि तिथंच त्याची मती फिरली. हे झाकायचं, त्यानं ठरवलं.

त्यानं चावी खिशात घातली, चाकाला धोंडा लावला आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला. पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याला, टायरॉडला, दोन आटे उलटे दिले की ओढ झाकली जाते. दोष सापडला नाही की मेस्त्री असंच करतात.

त्यानं नट आवळला.

विहिरीतून आवाज आला... दगडावर पितळ घासल्यागत.

मग टायरॉड त्याच्या हातातच हलला...

इंजिन बंद. चावी खिशात. आणि जीप धोंडा उडवून, मन्मथला न शिवता त्याच्या अंगावरून सुटली. कठड्याला टेकलेल्या रेवणप्पाला तिनं तिथंच चेचलं. बरगड्या मोडल्या. तो किंचाळला. जीप हातभर मागं आली... आणि पुन्हा धडकली. तिसऱ्यांदा धडकली तेव्हा किंचाळायला कुणी उरलं नव्हतं.

पंचनाम्यात ब्रेक सुटल्याचं आलं. मन्मथनं त्या रक्तानं भरलेल्या चाकांना पुन्हा सुतळी लावून पाहिली. चारी ठिकाणी टेकली. नट त्यानं आवळला तसाच घट्ट होता, त्यानं दिलेले दोन आटे मात्र आपोआप उलगडले होते.

काहीतरी निमित्त काढून त्यानं विहिरीत माणसं उतरवली. खाली कुणीच नव्हतं.

तेराव्याला कमलम्मानं विचारलं, "अण्णा, गाडी तूच नीट करत होतास ना?"

"हाव."

"मग माझं कुंकू तूच पुसलंस."

नवरा कसला होता हे मन्मथ तिला कोणत्या तोंडानं सांगणार? मरेपर्यंत तिनं भावाच्या दारात पाय ठेवला नाही. ती गेल्यावरच त्यानं हे बाकीच्या मेस्त्र्यांना सांगितलं, आणि सांगताना तो लहान पोरागत रडत होता.