मंगळावरच्या शाळेची घंटा

मंगळावरच्या वसाहतीतली सातवी कधी हुशार असायची, कधी ढ. एका चाचणीत वर्गाची सरासरी एकोणऐंशी, अठरा दिवसांनी तीच मुले एकेचाळीसवर. मुख्याध्यापिका देवस्थळी बाईंनी याचे निदान 'चंचलपणा' असे केले आणि उपाय म्हणून शाळेआधी आणखी एक जादा तास जाहीर केला. त्याच वर्गातल्या इरावती लोणकरला वेगळे बजावले: सोमवारी गणितात पन्नासच्या खाली आलीस, तर रोव्हर पथकातून नाव कमी.

इरावतीने वर्षभराचे गुण कागदावर बिंदूंनी मांडले. बिंदू जोडले तर लाट दिसली. दर छत्तीस दिवसांनी तीच.

तिची आत्या हरितगृहात घेवडा वाढवणारी वनस्पतिशास्त्रज्ञ. तिने विचारले, घंटा कोणाच्या घड्याळावर वाजते? पृथ्वीच्या. मुख्य कार्यालयाचे परिपत्रकच होते: शाळा सातला. मंगळाचा दिवस मात्र पृथ्वीच्या दिवसापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा. म्हणून घंटा रोज तेवढी अलीकडे सरकायची. कधी भर उन्हात वाजायची, कधी सूर्य उगवण्याच्या कितीतरी आधी. घरे उन्हावर चालत, शाळा परिपत्रकावर.

"शरीराला परिपत्रक पोचत नाही," आत्या म्हणाली. जैविक घड्याळ (शरीरातली झोपेची आणि जागेपणाची लय) उजेडाकडे बघून चालते. त्यात बारा-तेराव्या वर्षी मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे संप्रेरक) उशिरा पाझरू लागते. झोप उशिरा येते, म्हणून जागही उशिरा येते. अंधारात उठवलेले मूल वर्गात डोळे उघडे ठेवून झोपते.

बाईंना पटले नाही. त्या लहानपणापासून पहाटे उठत आणि पुढे मुख्याध्यापिकाही झाल्या होत्या.

मग इरावतीने बंद पाकिटात भाकीत लिहून दिले: सोमवारी सरासरी बेचाळीस, त्यानंतर अठरा दिवसांनी अठ्ठ्याहत्तर. आत्याने सावध केले, हे खरे ठरले तर तुझेच नाव जाईल.

"जाऊ दे. पण अभ्यास मी पूर्ण करणार. नाहीतर प्रयोग खोटा."

सोमवारी वर्गाची सरासरी बेचाळीसच आली; तिला चव्वेचाळीस मिळाले. नाव गेले. अठरा दिवसांनी तिलाच शहाऐंशी, वर्गाची सरासरी सत्त्याहत्तर. बाईंनी पाकीट फोडून चिठ्ठी दोनदा वाचली.

"त्या सोमवारी मुद्दाम कमी गुण पाडलेस?"

"बावीस जणांनी मिळून मुद्दाम बेचाळीसच पाडायचे म्हणजे आधी सराव करावा लागला असता, बाई."

बाईंनी मुख्य कार्यालयाची परवानगी मागितली. निरोप पृथ्वीवर काही मिनिटांत पोचतो. तिथून पुढच्या टेबलावर जायला वर्ष लागते. तोवर त्यांनी स्वतःच्या अधिकारात जादा तास रद्द केला, घंटा सूर्योदयानंतर दोन तासांनी ठेवली आणि पथकाच्या यादीत इरावतीचे नाव पुन्हा लिहिले.

इरावती तरी जागची हलली नाही.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

"दोनच तास का, बाई? महिनाभर तीन करून गुण मांडूया का?"

बाईंनी कपाटातून आलेखाचे कोरे कागद काढून तिच्यापुढे ठेवले.